वंशवृक्षातून काढलेली आत्या

नाना, तुमचं ते वंशावळीचं सॉफ्टवेअर आता चालत नाही. जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात बंद पडला आणि नव्यात सीडी घालायला जागाच नाही. दुरुस्तीवाल्याने तुमची फाइल तेवढी पेनड्राइव्हवर काढून दिली, म्हणून तुम्ही जमवलेली सगळी माणसं मी एका वेबसाइटवर हलवली. सांगायला एका ओळीचं काम, पण दीड महिना गेला. त्या प्रोग्रामला मराठी येत नव्हतं, म्हणून तुम्ही सगळी नावं इंग्रजी अक्षरांत घातली होती. ती एकेक करून मी देवनागरीत पुन्हा टाइप केली. दुपारची जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातल्याच टेबलावर बसायचं आणि आधी तुमच्या टिपा वाचायच्या. ‘याने विहीर खणली, पाणी लागले नाही, तरी गावजेवण घातले.’ ‘ही फार हसायची, सासरी गेल्यावर बंद झाले.’ मी एकटीच हसत बसायचे. हे पत्र तेवढंच सांगायला लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तसं नाही. नाना, त्या झाडातून मी आत्याला काढून टाकलं आहे.

तुमची अक्का, माझी आत्या. लहानपणी मला ती तुमची सख्खी बहीणच वाटायची, आणि तुम्ही कधी काही वेगळं कळू दिलं नाहीत. आजीचा पहिला नवरा यावलकडचा. तो वारल्यावर आजीचा आजोबांशी पाट लागला, आणि चार वर्षांची आत्या तिच्या बोटाला धरून आपल्या घरी आली. विधवेचं पुन्हा लग्न लागायचं ते असं, वाजंत्रीशिवाय, आणि पुढे त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. हे मला कळलं तेव्हा मी दोन मुलांची आई होते. तुम्ही निवृत्त होऊन इथे जळगावात माझ्या घरी टाइप करायला यायचात, एका बोटाने. आत्याची चौकट तयार करताना तुम्ही मला हे सगळं सांगितलंत आणि मी सहज बोलून गेले, “मग तिला कशाला घालताय? ती आपल्या कुळातली कुठे?” तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कुळ म्हणजे काय गं, सातबारा आहे का? मी रांगत होतो तेव्हा मला कडेवर घेऊन फिरायची ती. तुझ्या बाळंतपणात महिनाभर इथे राहून तुला शेक-शेगडी तिनेच केली ना? तिला काढायचं तर तुलाही काढतो. तूही आता दुसऱ्या घरचीच. वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या पोथीत मुली नसतात, तसं केलं की माझंही काम सोपं.” मग चष्मा परत लावून तुम्ही एका बोटाने तिचं नाव टाइप करू लागलात. मला राग आला होता. तुमचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्तच आला होता.

त्या प्रोग्राममध्ये वडिलांची चौकट रिकामी ठेवता येत होती, पण तुम्हाला ती रिकामी ठेवायची नव्हती. आत्याला तर स्वतःच्या बापाचं नावही माहीत नव्हतं. आजीने ते कधी घेतलं नाही, हिने कधी विचारलं नाही. मग तुम्ही एसटीने यावलला गेलात, तिथून पुढे केळीच्या बागांमधल्या त्या गावात. एकदा नाही, तीन खेपा केल्यात. तिसऱ्या खेपेला पारावर एक म्हातारा भेटला, तो आजीच्या पहिल्या नवऱ्याच्या भाऊबंदांतला निघाला. त्याने नाव सांगितलं, आणि माणूस झाडावर चढण्यात पटाईत होता हेही सांगितलं. तुम्ही दोन्ही लिहून आणलंत. पुढच्या आठवड्यात आत्याला धुळ्याहून मुद्दाम बोलावून घेतलंत. ती कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसली, तेव्हा तुम्ही दोन्ही हातांनी तो जड मॉनिटर तिच्याकडे वळवलात. “हाऊ दख अक्का, तुना बाप,” असं आपल्या अहिराणीत म्हणून तुम्ही नाव वाचलंत. आत्या तेव्हा साठी ओलांडलेली. पदराला हात पुसून ती गुडघ्यांवर उठली, काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इतलं चांगलं नाव व्हतं का त्यानं?” मी ओट्याशी कणीक मळत होते. मला वळून बघवलं नाही. तिच्या चौकटीखाली तुम्ही टीप घातली होती, ‘माय सोबत आली. आपलीच.’

ती टीपही मी देवनागरीत टाइप केली, नाना. सगळं नीट चढवलं होतं मी. मग मिरवायची हौस आली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली. त्याच सुमारास तुमच्या नातीच्या लग्नाची बोलणी चालू होती, तर मुलाकडच्यांनाही पाठवली. बघा आमच्या सात पिढ्या, असा तोरा. दुसऱ्याच दिवशी मोठ्या काकांच्या मुलाचा, दादाचा, फोन. “अगं, आजीला दोन नवरे दिसतात त्यात. झाकली मूठ होती ती, तू कशाला उघडतेस? पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील? तुझ्या पोरीच्या सोयरिकीला नाट लागेल. काढ ते.” तुम्ही असता तर त्याला फोनवरच फैलावर घेतलं असतंत. मी म्हटलं, “बरं दादा.” आजीचा पहिला नवरा काढला, पाठोपाठ आत्या काढली, तिची मुलं-नातवंडं काढली. प्रत्येक वेळी वेबसाइट विचारत होती, नक्की काढायचं का? मी दर वेळी हो म्हटलं. नंतर उठून कपडे वाळत घातले.

दिवाळीनंतर धुळ्याला आत्याला भेटायला गेले. ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण नजर अजून बोचरी. मी बसते न बसते तोच म्हणाली, “नातसूननी मोबाइलमा बठ्ठं वाची दखाडं. तुनं नाव शे, तुना पोरसनं शे. मनं कोठे शे, माय? नानानी तर लिखेल व्हतं. माले दखाडेल व्हतं त्यानी.” सगळ्यांची नावं आहेत, आपलं कुठे, एवढंच विचारत होती; तक्रार नव्हती तिच्या आवाजात. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. नातसून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, तिची नजर माझ्याकडे. तिला कळलं असावं. मी मोठ्याने सांगितलं, “आत्या, जुन्या कॉम्प्युटरवरून सगळी नावं एकदम येत नाहीत. हळूहळू येतात.” आत्याने मान हलवली. “मंग काई हरकत नही. मी काई घाई करस का? पन मना बापनं नाव बी येई ना?” मी म्हटलं, येईल. निघताना तिने ज्वारीच्या वाळवलेल्या बिबड्यांचा डबा भरून दिला, जावयांना आवडतात म्हणून. बसमध्ये तो डबा मांडीवर घेऊन पारोळा जाईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. इतकं सराईत खोटं मी कधी शिकले, कळत नाही.

साखरपुडा झाला, नाना. मुलगा चांगला आहे. जेवणाच्या पंगतीत मी व्याह्यांना चाचपडत विचारलं, आमची वंशावळ बघितली का? ते हसून म्हणाले, “अहो, ती लिंक आमच्याकडून उघडलीच नाही. राहूनच गेलं.” माझ्या हातात वाढायचं भरीत होतं, ते मी त्यांच्या पानात दोनदा वाढलं.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. तुमची फाइल पेनड्राइव्हवर आहे, टीप मला पाठ आहे. आत्याला परत घालायला अर्धा तास पुष्कळ झाला. आज दुपारीही बसले होते. मग वाटलं, आता घातलं तर ग्रुपवर कोणीतरी विचारेल, इतके दिवस कुठे होती ही? आणि मी त्याऐवजी हे पत्र लिहायला घेतलं. ते तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहवलं, समोर असतात तर तोंड दाखवलं नसतं. आणि वर एक गोष्ट मी आपल्या सोयीने लिहिली आहे, ती तेवढी सुधारते. दादाने फक्त आजीचा पहिला नवरा काढायला सांगितलं होतं. आत्याचं नाव त्याने घेतलंसुद्धा नव्हतं. ती मी माझ्या मनाने काढली.