पहिल्या पोत्यावर ‘चुकलं’

तिरोडा, डिसेंबर २०१४

तीर्थस्वरूप केवळराममामाजींना,

धनेंद्रचा वाकून नमस्कार. मामीजींच्या गुडघ्यांना आराम असेल, नवेगावला धानाची मळणी आटोपली असेल आणि तुम्ही शेजाऱ्यांशी भांडणं सोडलं असेल, अशी आशा आहे (शेवटची आशा मामीजींच्या वतीनं).

मी इथं एका धान खरेदी केंद्रावर मुक्कामाला आहे. आमच्या नागपूरच्या कंपनीनं पोती मोजायची मशीन बसवली, तिचा स्क्रीन मी बनवला. पोतं काट्यावर ठेवलं की शेतकऱ्यानं हिरवं बटण दाबायचं, आकडा वाढतो. काही गडबड झाली तर शेजारी लाल बटण, त्यावर लिहिलंय ‘चुकलं’. आता स्क्रीन जमला की फसला हे मोजायचं कसं? सरांनी ठरवलं, लोक ‘चुकलं’ जितकं कमी दाबतील तितका स्क्रीन चांगला. जमला तर माझी नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली तरच भूमेश्वरीच्या वडिलांकडे माझ्यासाठी शब्द टाकता येईल (भूमेश्वरी कोण ते मामीजींना ठाऊक आहे. शांतपणे विचारा).

मामाजी, पहिल्याच दिवशी झाडून सगळ्यांनी ‘चुकलं’ दाबलं. तेही पहिल्याच पोत्यावर! मी हिरवं बटण मोठं केलं, लाल बारीक केलं, कोपऱ्यात ढकललं. लोक चष्मा पुसून पुसून ते शोधायचे आणि दाबायचे. शेवटी मी ते काढूनच टाकलं (नागपुरात हुशार म्हणतात मला). तर एका पांढऱ्या दुपट्टेवाल्या काकांनी थेट भिंतीतला प्लगच उपटला.

“काऊन जी काका?” मी रडकुंडीला येऊन विचारलं.

“पयल्या पोत्याले एक म्हणून राहिली तुही मशीन! लाभ म्हणाव लागते. कोन्या गधड्यानं बनवली हे?”

लहानपणी तुमच्या खळ्यावर पहिल्या पायलीला मी ‘एक’ म्हणालो, तेव्हा तुम्ही पाठीत घातलेला धपाटा आठवला. लाभ, दोन, तीन. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

आता स्क्रीनवर एकच्या जागी ‘लाभ’ उमटतो (मशीन आतून एकच मोजते, तोंडानं बोलत नाही). ‘चुकलं’ बटण परत लावलंय, पण त्यावर धूळ बसते. आकडे पाहून सरांचा फोन आला, बटण बिघडलंय का ते आधी तपास. तपासलं. चांगलं आहे.

मामीजींना नमस्कार.

तुमचा भाचा,
धनेंद्र

ता. क. नोकरी पक्की झाली. आता मुद्द्याचं. ते दुपट्टेवाले काका म्हणजेच भूमेश्वरीचे वडील, बिसरामजी. गधडा कोण असं त्यांनी विचारलं तेव्हा घाबरून मी “नागपूरचे एक साहेब” असं सांगून टाकलं. तुम्ही रविवारी या आणि तो गधडा मीच, हे त्यांना नीट समजावून सांगा.

आणखी ता. क. रविवारी नको, चिठ्ठी मिळताच निघा. ‘लाभ’ पाहून बिसरामजी भारी खूश आहेत. “असा जवाई पायजे,” असं चारचौघांत म्हणून राहिले. त्या साहेबाचं लग्न झालंय का, हे विचारून यायचं काम त्यांनी माझ्यावरच सोपवलं आहे.