भरलेली पिशवी आणि भाजलेलं वांगं

२७ नोव्हेंबर, गुरुवार
माझ्यावर अन्याय झाला आहे. त्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून ही डायरी.
आषाढापासून वांगं पाळलं. काल चंपाषष्ठीला नैवेद्य झाला, वांगं सुटलं. आणि आज जळगावच्या दवाखान्यात मशीनवरच्या हेमलता मॅडमनी हातात डाएटचा कागद ठेवला. पहिलीच ओळ, वांगं बंद. बिया असतात म्हणे. साडेचार महिने देवासाठी, आता मशीनसाठी. देवानं निदान तारीख तरी दिली होती.
प्रोस्टेटला गाठ आहे, त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं.
सोमवारपासून शेक. रेडिएशनला इकडे सगळे शेकच म्हणतात. नियम दोन. पोट रिकामं हवं, लघवीची पिशवी भरलेली हवी. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पिशवी भरली की आतडी बाजूला होतात, त्यांना शेक लागत नाही. आणि पोटात गॅस असला की गाठ जागची हलते. मग शेक बसतो भलतीकडेच." रोज शेकाआधी मशीन फोटो काढून बघतं.
मी मान डोलावली. वरणगावच्या कारखान्यात उभा जन्म तपासणी विभागात काढला. केसाएवढा फरक असलेला माल परत पाठवला आहे. मला माप शिकवायची गरज नाही.
संकल्प: डाळ, कोबी, कच्चा कांदा, वांगं, सगळं बंद. मऊ भात. डाग नसलेलं रेकॉर्ड करायचं.

१ डिसेंबर, सोमवार, सकाळी
दवाखान्याची पद्धत: तिथे पोचल्यावर लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं, मग तासभर बसायचं. वेळेची नासाडी. मी पाणी घरूनच पिऊन निघतो.
रात्री
नशिराबादजवळ एसटी थांबवावी लागली. कंडक्टर म्हणाला, इथे स्टॉप नाही. मी म्हटलं, आहे.
दवाखान्यात रिकामा पोचलो. पुन्हा पाणी, पुन्हा तास. कल्पना बरोबर होती. रस्ता खराब आहे.

३ डिसेंबर
माझ्यानंतरचा नंबर सुका आबांचा. सातपुड्याच्या पायथ्याचे, चोपड्याच्याही पलीकडचे. आजार माझाच. संध्याकाळची शेवटची गाडी मिळाली तरच घरी पोचतात, म्हणून नजर सारखी घड्याळावर. पाणी पिऊन भिंतीला टेकून बसतात, हलत नाहीत, बोलत नाहीत.
त्यांना मी आहारशास्त्र समजावून सांगितलं. अर्धा तास तरी बोललो असेन. ऐकून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तुमले बठ्ठं म्हाईत शे. मंग मशीन तुमले बाहेर का काढस?"
काल दोनदा टेबलावरून उतरवलं होतं, ते त्यांनी पाहिलं असावं. अडाणी माणूस. सोडून दिलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
आठवडाभर एकदाही रिजेक्ट नाही. मॅडम म्हणाल्या, असंच चालू ठेवा. आता शरीर माझ्या ताब्यात आहे. नूतन म्हणते, ताबा शरीराचा नाही, तिच्या स्वयंपाकघराचा आहे. बायकोला श्रेय लागतं.
पंडितचा फोन. कारखान्यातला जुना दोस्त, आता बामणोदला शेती करतो. रविवारी शेतात भरीत पार्टी. नाही म्हणून सांगितलं. ठामपणे.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी
जातो आहे. फक्त भेटायला. नूतनला सांगितलं, पंडितची तब्येत बरी नाही.
रात्री
कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी. हिरवी मिरची, कांद्याची पात, लाकडी भांड्यात ठेचलेली. सोबत कळण्याची भाकरी. मी आधी नुसता वास घेतला. मग विचार केला, वांगं एवढं भाजलं गेल्यावर त्यात गॅस उरेल कसा? जळून जातो. कळण्यात उडीद असतो, हे खरं. पण पिठात मिसळलेला. उडीद म्हणून वेगळा कुठे दिसतो?
चार भाकरी. पंडितची तब्येत उत्तम.

१५ डिसेंबर, सोमवार
मशीन बिघडलं आहे.
फोटो काढला. मॅडम आत आल्या. काल काय खाल्लं? मी सांगितलं, मऊ भात. त्या म्हणाल्या, "भाताचा एवढा गॅस मी पहिल्यांदाच बघते, भाऊ." उतरा, फेऱ्या मारा, पुढच्या पेशंटला घेते.
मी उतरलो नाही. एका मापावर माल रिजेक्ट करायचा नसतो, हा तपासणीचा पहिला नियम. पुन्हा फोटो काढायला लावला. तेच. डॉक्टरांना बोलवायला लावलं. ते येईपर्यंत मी टेबलावर. तिसरा फोटो. तेच. शेवटी शेक न देताच उतरवलं.
बाहेर आलो तर सुका आबांची जागा रिकामी. बाथरूममधून हळूहळू येत होते. कोणाकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं पानी वाया गयं." मग नळाखाली बाटली धरली.
म्हाताऱ्यांची पिशवी कमजोर असते.

१६ डिसेंबर, मंगळवार, दुपारी
आज मुद्दाम लवकर आलो, तर सुका आबा आधीच हजर. मी म्हटलं, वा आबा, आज माझ्याआधी. ते म्हणाले, "आज मना नंबर पयला शे." माणसाला शिस्त लागते. समोर उदाहरण हवं. पंधरा दिवस माझ्याकडे बघत आहेत, त्याचा परिणाम.
रात्री
मॅडम टेबलावर सरळ झोपवत होत्या. मी आबांच्या शिस्तीचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, "शिस्त कसली? काल त्यांची गाडी गेली. रात्रभर इथेच व्हरांड्यात होते. उठवायला गेले तर म्हणतात, चला, आज तरी पहिला नंबर लागला."
मग माझा खांदा सरळ केला. म्हणाल्या, हलू नका.
गाड्यांच्या वेळा ठरवणाऱ्यांनी पेशंटचा विचार करायला हवा. यावर अर्ज करणार.
जेवताना नूतन म्हणाली, काल किती थंडी होती, दोन गोधड्या घेतल्या तरी पाय गार. मी म्हटलं, हो.

१९ डिसेंबर
मऊ भात. अर्ज लिहायला वेळ मिळाला नाही.
आबांना पेढा दिला. त्यांनी हातात घेऊन विचारलं, "मशीनले चालस का?" मला माहीत नव्हतं. त्यांनी परत दिला. मी खाल्ला नाही. खिशातच राहिला.

३० डिसेंबर, मंगळवार, सकाळी
शेवटचा शेक. पंडित पाच वाजता गाडी घेऊन दवाखान्याच्या गेटवर येणार, तिथून थेट शेतात. माझ्यासाठी खास भरीत. जुने सगळे जमणार आहेत. दोन शब्द बोलायला सांगितलं आहे, मुद्दे काढले आहेत: शिस्त, संयम, माप. मॅडम म्हणतात, शेक संपल्यावरही काही आठवडे पथ्य पाळा. पण मशीनचा अधिकार आज संपतो.
रात्री
आज मशीन सकाळपासून मागे चाललं होतं. मी पाणी पिऊन तयार. आबाही तयार, भिंतीला टेकून. फक्त आज पायाचा अंगठा हलत होता. घड्याळाकडे बघत होते, मग दाराकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. गेटवरून पंडितचे फोन.
माझं नाव पुकारलं. मी मॅडमना म्हटलं, आधी आबांना घ्या. मला आज तशी घाई नव्हती.
आबा उठले. माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमनी पिशवी?"
मी म्हटलं, माझी मजबूत आहे.
नव्हती. ते आत गेले आणि थोड्याच वेळात मला बाथरूम गाठावी लागली. परत आलो, नळाखाली बाटली धरली. पंडितला सांगितलं, तू हो पुढे. आबा बाहेर आले ते कापडी पिशवी काखोटीला मारून सरळ जिन्याकडे. वळून एक हात वर केला. बाटली माझ्या तोंडाला होती.
माझा नंबर लागला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. फोटो पहिल्याच वेळी पास. मॅडम म्हणाल्या, झालं भाऊ, सुटलात. त्यांना घरी जायची घाई होती.
नूतनला सांगितलं, मशीनमुळे उशीर झाला. तिनं मऊ भात वाढला. खाल्ला.
आबांना गाडी मिळाली असणार. शेवटची होती, पण वेळ होता.