थोरल्या भावाच्या लॉनवर मला जन्मभर मनाई करावी

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान व फवारणी परवाना कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : घर क्र. १२-अ च्या लॉनवर पाऊल ठेवण्यास अर्जदारास कायमची लेखी मनाई मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २ मार्चचे समझोत्याचे पत्र.

महोदय,

१. मी घर क्र. १२-ब मध्ये राहतो आणि लोकांच्या लॉनवर तणनाशक फवारणे, खत देणे ही कामे करतो. घर क्र. १२-अ माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचे. मध्ये गुडघाभर कुंपण. तो कडेचे गवत शिवणाच्या कात्रीने कापतो म्हणून गल्ली त्याला ‘कात्री’ म्हणते. जिभेमुळेही म्हणत असेल.

२. मी तणनाशकाने त्याचे लॉन जाळले, अशी तक्रार त्याने केली आणि आपण माझा परवाना रोखला. कोणी जागेवर येऊन पाहिले नाही. मी वापरतो ते औषध रुंद पानांचे तण मारते, गवताला धक्का लावत नाही. इथे गवत मेले आणि तण मजेत आहे. असले तणनाशक कुठे मिळत असेल तर मलाही पत्ता कळवावा. शिवाय पंपाचा डाग सरळ पट्ट्यात जातो. इथले डाग पंख्यासारखे पसरलेत, म्हणजे मूठ भरभरून युरिया भिरकावला आहे, तोही दवाने ओल्या गवतावर, आणि वर पाणी मारलेले नाही. दाणा पातीला चिकटला, ऊन चढले, पात करपली. मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही; जे शिकलो ते गोणीवरचे छापील वाचून. गोणी त्याच्याही घरी होती. पण वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की म्हातारपण कबूल करावे लागते.

३. आपण लिहिता की मी ते लॉन पूर्ववत करून द्यावे, मग तक्रार मागे आणि परवाना परत. आपले कारकूनही खिडकीतून म्हणाले, “भावाभावांचं आहे, घ्या मिटवून.” मिटवणार नाही. अकरा वर्षे त्याच्या बाजूचा लव्हाळा, ते चिवट तण, मी खुरप्याने गाठीसकट काढला. नुसता वरून उपटला तर खालच्या गाठी दुप्पट जोराने फुटतात. त्याला वाटायचे, आपल्याकडे लव्हाळा येतच नाही. आणि भर गल्लीत माझ्या गिऱ्हाइकांना तो सांगतो, “ह्याला कुठली बाटली कशाची ते कळत नाही.” आता त्याला लव्हाळा कळू दे. पायरीपर्यंत येऊ दे. हा अर्ज मी सुडाने लिहीत आहे. दुसरे कारण दिले तर ते खोटे होईल.

४. परवाना वाटेल तितके दिवस रोखा. पंप खुंटीला टांगला आहे. मी माती वाहीन, कुंड्या भरीन.

५. मनाई लेखीच का, असे आपण विचाराल. दादाला मी पुरून उरेन. अडचण वहिनींची आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. माझी शाईने भरलेली बोटे त्यांनीच घासली आहेत. काल कुंपणाशी येऊन एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, हे रोज त्या डागांवर पाणी घालतात. आता उपयोग नाही ना?” मी सरळ घरात निघून गेलो. उपयोग आहे. करपलेले खरवडायचे, आठवडाभर भरपूर पाणी सोडायचे, कडेच्या चांगल्या गवताचे तुकडे लावायचे. दोनेक महिन्यांत डाग ओळखू येत नाही. हे मला येते, हीच पंचाईत आहे. त्या पुन्हा आल्या तर मी खुरपे घेऊन कुंपण ओलांडीन, आणि तो व्हरांड्यात बसून माझ्या चुका काढील.

६. म्हणून त्या पुन्हा येण्याआधी, म्हणजे आजच, शिक्का मारून मनाई द्यावी. दाखवायला हातात कागद असला की ‘माझा इलाज नाही’ असे त्यांना सांगता येईल.

७. आज कार्यालय बंद होईपर्यंत मनाई मिळाली नाही, तर समझोता मला मान्य आहे असे समजावे. मात्र काम चालू असेतो त्याने व्हरांड्यात बसू नये, एवढा तरी आदेश काढावा.

आपला नम्र, पण त्याच्यापुढे नव्हे,

(सही)
फवारणीवाला, घर क्र. १२-ब
दि. ९ मार्च

सोबत : करपलेल्या पातींचे पाकीट, डागांचा हाताने काढलेला नकाशा.