शेततळ्यावरच्या पोरी

प्रिय पुष्पांजली,

मोताळ्याहून मलकापूर ते कितीसं लांब, आणि तरी तुला पत्र लिहावं लागतंय. फोन तू उचलत नाहीस. तुझा भाऊ म्हणतो, "ताई झोपली हाय." सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळीही झोपलेलीच! शाळेत कोपर मारून मारून तुला जागं ठेवायचे, आता तेच काम या पत्राला सांगितलंय.

परवा बाजारात तुझे बाबा भेटले. खंगलेत गं रामरावकाका. शेततळं त्यांनी रिकामं केलंय, तळाचं प्लास्टिक गुंडाळून बांधावर टाकलंय आणि डाळिंबं वाळून चाललीत. मी रागावलेच. म्हटलं, काका, झाडांनी काय केलं? तर म्हणाले, "पोरी, त्या पाण्याकडे मले पाह्यवत नाई."

माझ्या थोरल्या लेकीला, आयशाला, जाऊन मे महिन्यात वर्ष झालं. तिचं नाव काढलं की लोक विषय बदलतात, तू तरी बदलू नकोस. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ती पहिल्यांदा तरंगली, तेव्हा मी काठावर बोंबलत होते आणि ती पाण्यातून मलाच चिडवत होती, आठवतं? नदीवर कपडे धुताना वस्तीतल्या दोघी बुडाल्या, म्हणून काकांच्या शेततळ्यात पोरींना पोहायला शिकवायचं तू मनावर घेतलंस. सगळ्यांचे पोहायचे सलवार-कुडते मी शिवले. पाण्यात पाय न घालता मी तुझ्या वर्गात होते, ती अशी.

मग ते दुखणं आलं. आयशा डोकं धरून बसली, ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या, ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. आपल्याकडे मे महिन्यातला ताप म्हणजे उन्हाचाच, गावातल्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. मान ताठली आणि ती मलाच ओळखेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेली. तिथे पाठीतलं पाणी काढून तपासलं. म्हणाले, अमिबा आहे. डोळ्यांना न दिसणारा जीव, उन्हानं तापलेल्या साचल्या पाण्यात वाढतो आणि नाकातून मेंदूत शिरतो. औषधं दिली त्यांनी, पण उशीर झाला होता. लवकर नेली असती तरी वाचली असती, असंही ते म्हणाले नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून तू एकच घोकत होतीस, "मीच म्हणलं होतं तिले." दुखण्याच्या थोडे दिवस आधी आयशा तळ्यात ठसकली, तेव्हा तू हसत म्हणालीस, नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय पोहणं येत नाही. अगं, हे माझ्या अब्बांनी माझ्या भावांना सांगितलं, काकांनी तुला सांगितलं. आपला सगळा मुलूख हेच ऐकत पोहायला शिकला. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. लाखो लोक अशा पाण्यात उतरतात, हा रोग होतो तो एखाद्यालाच. त्याच तळ्यात बाकीच्या पोरीही ठसकल्या होत्या आणि त्या सगळ्या धडधाकट आहेत. मला राग येत नाही असं नाही. रोज येतो. कधी उन्हाचा येतो, कधी अल्लाचा. तुझा मात्र एकदाही आला नाही, पुष्पे. हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, पण तू तोंड दाखवशील तर ना!

आता कामाचं. आमची धाकटी, सरवरी, बहीण गेल्यापासून पाण्याला इतकी भिते की नाल्यावरून शाळेत जाताना डोळे गच्च मिटते. पावसाळ्यात अशीच पाय घसरून पडेल, या धास्तीनं मला झोप लागत नाही. पण परवा स्वतःहून म्हणाली, "अम्मी, पुष्पामावशी असंन तर मी उतरीन." म्हणून हे पत्र. दिवाळीनंतर गारवा पडला की ये. शेततळ्यात नाही, बुलढाण्याच्या पोहण्याच्या तलावात जाऊ. डॉक्टरांनी सांगितलंय, औषध टाकलेलं स्वच्छ पाणी हवं आणि नाकाला चिमटा हवा. चिमटा मी आणलाय. तिचा कुडता शिवून झालाय. त्याच कापडाचा आणखी एक शिवलाय, मोठ्या मापाचा. तुझा नाही, माझा. या खेपेला मी काठावर बसणार नाही. पण मला पाण्याची फार भीती वाटते गं. माझा हात धरायला तू हवीस.

तुझीच, वाट पाहणारी
समीना