नदी उतरेपर्यंत

बाबा, तुमची नात ट्राउट धरायला न्यूझीलंडच्या डोंगरात गेली होती आणि ठरल्या दिवशी तिचा फोन आला नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पण हे नीट ऐकून घेईल असं दुसरं माणूस मला सुचत नाही.

तुम्ही लष्करात रस्ते बांधत होतात आणि आपलं क्वार्टर कुलूच्या वर, नदीकाठी होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तुम्ही कोंबड्याच्या पिसांना रेशमाचा दोरा गुंडाळून ट्राउटला भुलवायला गळावर खोट्या माश्या बांधायचात. वरणात पिसं पडतात म्हणून आई कुरकुरायची, आणि मग तुम्ही आणलेले ट्राउट बांगड्यासारखे तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळायची. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. एका सकाळी अगदी समोर मासा उसळला म्हणून मी पाण्यात पाऊल पुढे टाकलं आणि पायाखालचा गोटा सरकला. तुम्ही कॉलर धरून मला काठावर आणलंत आणि ओरडलात, "माशाकडे बघत पाय टाकायचा नाही! आधी पाय, मग मासा." नंतर दिवसभर तुम्ही कोणाशी बोलला नाहीत.

हे सगळं मी लेकीला गोष्टीसारखं सांगत आले, आणि तिने ते मनावर घेतलं. आमचा फ्लॅट इथे परदेशात, क्लेमेंटी नावाच्या वस्तीत, ती जवळच्याच युनिव्हर्सिटीत शिकते. इमारतीखालच्या हिरवळीवर ती बिनगळाची दोरी फेकत राहायची. बाकावरच्या एका चिनी आजोबांनी तिला विचारलं होतं, "गर्ल, फिश व्हेअर?" डिसेंबरच्या सुट्टीत ती आणि तिची वर्गमैत्रीण निघाल्या. त्या खोऱ्यात फोन लागत नाही, मुक्कामाला लाकडी हट, आणि परतताना नदी ओलांडून रस्त्याला लागायचं. "रविवारी दुपारी फोन करते," म्हणाली.

रविवार संपला. तिथल्या वनखात्याच्या ऑफिसला मी फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, वरच्या अंगाला खूप पाऊस झालाय, नद्या चढल्यात, शहाण्या असतील तर मुली हटमध्येच बसून असतील. शहाण्या असतील तर! हे तीन शब्द माझ्या डोक्यातून हलेनात. तुमचे जावई म्हणाले, "तो शब्द धरून बसू नकोस. आपली मुलगी वेंधळी नाही." पण जेवताना टेबलाखाली फोन धरून ते तिकडचं हवामान बघत होते, आणि त्यांच्या ताटातला भात तसाच होता.

सोमवारी घरी बसवेना म्हणून ऑफिसला गेले. एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, दांडा धरून उभी असताना मला कळलं, की त्या दिवशी तुमचं ते गप्प राहणं राग नव्हता. तेवढ्यात माझं उतरायचं स्टेशन, पाया लेबार, मागे पडलं. मीटिंगमध्ये कोणीतरी मला काही विचारलं आणि मी मराठीत म्हणाले, "अजून पाणी उतरलं नसेल." सगळे माझ्याकडे बघत राहिले.

फोन मंगळवारी आला. "मम्मा, वी आर ओके लाह. पाणी खाली यायची वाट बघत होतो. सॉरी." मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये जमिनीवरच बसले. पहिलं काय विचारावं? "जेवलीस का?" ती हसली आणि मी रडायला लागले.

घरी आल्यावर तिने सांगितलं. मैत्रीण विमान चुकेल म्हणून हातात हात अडकवून नदी पार करू म्हणत होती. "मी मांडीपर्यंत आत गेले, मम्मा. खाली दगड घरंगळत होते, त्यांचा आवाज येत होता. आय गॉट सो स्केअर्ड. मी तिला ओढून मागे आणलं. ती खूप चिडली, 'यू सो कियासू,' म्हणाली." कियासू म्हणजे इथल्या भाषेत हातचं जाईल म्हणून धास्तावलेला माणूस. माझी मुलगी घाबरली, हे ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आई म्हणून असं वाटावं का, मला ठाऊक नाही.

मी बुटांचं विचारलं, पाण्याचं विचारलं, दोन दिवस काय खाल्लं ते विचारलं. माशाचं विचारायचं राहूनच गेलं. शेवटी तिनेच दोन्ही हात पसरून दाखवलं: पाऊस यायच्या आदल्या सकाळी, तपकिरी, अंगावर लाल ठिपके. पाण्यातच धरून ठेवला, दम घेऊ दिला आणि सोडून दिला. सांगताना तिचे हात अजून काहीतरी धरल्यासारखे गोल झाले होते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा जाणार आहे. "यू कम, मम्मा. तू मला शिकव," म्हणाली. मी म्हटलं, अगं, माझे गुडघे दुखतात हल्ली.

बाबा, माझे गुडघे ठणठणीत आहेत.