माळ्यावर पंखा कशाला

राघव,

मी ऑफिसला निघाले होते, हे लिहायला लिफ्टपासून परत आले. आज सुतार आला की त्याला लगेच जिना ठोकू देऊ नकोस. काल मैत्रेयीचा फोन आला होता. माळ्याचा नकाशा तिनेच काढलाय, त्यामुळे जबाबदारीही तिची. ती म्हणाली, तू सांगितलास तसा उभा जिना फक्त सामानाच्या माळ्याला चालतो. वर कोणी झोपणार असेल तर नियम वेगळे. पायऱ्या रुंद हव्यात, कठडा हवा, धूर झाला तर बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवी. मग तिने विचारलं, वर नक्की काय ठेवणार? मी म्हटलं, बॅगा आणि आकाशकंदील.

पण इलेक्ट्रिशियनकडून तू वर पंख्याचा पॉइंट करून घेतलायस. बॅगांना उकडतं का, यार?

मैत्रेयीला आज खरं काय ते सांग. मला विचारून सांग असं म्हणत नाही. रुंद जिन्यात आपल्या खोलीतलं माझं कपाट जाईल, जाऊ दे. वर झोपायचंच असेल तर जिना नीट कर. मध्यरात्री मन बदललं, तर अंधारातही खाली येता आलं पाहिजे.

डाळ फ्रिजमध्ये आहे.

नीला