युरेनियमची पंगत

नागपूर,
आश्विन शु. ७, शके १८७१

चि. सौ. द्वारकेस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खानावळीतली आमटी आता डाळीची ओळख दाखवू लागली आहे.

रसायनाच्या मराठी पुस्तकातला माझा धडा मात्र अडला आहे. इतरांशी जोडून घ्यायला युरेनियम सहा हात पुढे करतं, म्हणून आजवर मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याला टंगस्टनच्या पंगतीत बसवलं. पण युद्धकाळात त्याच्या पुढची मूलद्रव्यं घडवली गेली, आणि त्यातलं क्युरियम तीन हातांवर अडून बसलं आहे. म्हणजे युरेनियमसकट हे कूळच निराळं. त्याची पंगत वेगळी मांडा, एवढंच मी लिहिलं.

संपादक तापले. "काऊन भांडता हो शास्त्रीबुवा? पोरं जुन्याच तक्त्यावर पास होऊन राह्यले ना?"

"होतात, पण चुकीचं शिकून."

"मंग धडा बदला, नाहीतर जळगाव जामोदले घरी जा!"

आईचा खोकला कसा आहे? तिला यातलं काही सांगू नकोस.

उद्या धडा आहे तसाच देणार. नोकरी राहिली तर दिवाळीला येईन, गेली तर त्याआधीच. दोन्हीकडून तुझाच फायदा आहे, तेव्हा रडू नकोस.

तुझा हट्टी,
विश्वंभर